संक्षिप्त परिचय, प्रारूप दुसरे

नागपुरातून साहेबांचा फोन आला:
नव्या नगरपंचायतीचा परिचय पाहिजे,
एक पान, सोमवारपर्यंत, सिव्हिल लाइन्सला.
जुन्या पंचायतीचा पंखा अजून आमच्याच बाजूला होता,
त्याच्याखाली लिहायला बसले.

नाव: बोरखडी-सावळडोह.
बोरखडी आधी का, यावर सहा बैठका झाल्या.
सातवीत नाणं उडवलं, ते टेबलाखाली गेलं.
झिबल शिपायानं उचललं.
छापा होता की काटा, हे तो आजही सांगत नाही.
हे परिचयात येणार नाही.

स्थान: जिल्हा नागपूर. तलावाचे दोन काठ, मधे पाळ.
समुद्र इथून दिवसभराच्या रेल्वेइतका लांब,
तरी आमच्या हद्दीला किनारा आहे,
त्यावर डोंगे आहेत, सुकणारी जाळी आहेत,
आणि एक बेट आहे, दीड एकर, एक झोपडी, मतदार एक:
ढीवर सोसायटीचा राखणदार तुकडू नान्हे.
तो प्रभाग सतरात येतो.
"माझ्याकडं नळ कधी येते?" विचारतो,
चारी बाजूंनी पाण्यात उभा राहून.

लोकसंख्या: अकरा हजार दोनशे चाळीस.
गणना जुनी आहे. तीत माझा मुलगा नाही,
सासरे मात्र अजून जिवंत आहेत.

बोधचिन्ह: त्यांना वाघूर मासा हवा होता,
आम्हाला जवसाचं निळं फूल.
चित्रकारानं माशाच्या तोंडात फूल दिलं.
आता मासा ते खातो आहे की देतो आहे,
यावर उपसमिती नेमली आहे.

शिक्के: दोन जुने, दोन्ही जमा.
सावळडोहच्या शिक्क्यातला 'ळ' झिजून गेला होता,
म्हणून वीस वर्षं दाखल्यांवर
आम्ही नुसते 'सावडोह' होतो.
कोणी तक्रार केली नाही.

मध्यबिंदू: भूमापनवाले यंत्र घेऊन आले, दुपारभर फिरले.
गावाचं नेमकं मधलं ठिकाण निघालं
पाळीखालच्या बेशरमाच्या रानात,
जिथं दोन्हीकडचे लोक मेलेली कुत्री टाकत.
तिथं चौक होणार आहे.

इथपर्यंत ठीक. पुढं 'दळणवळण' असा रकाना आहे.

पाळीवर, बरोबर अर्ध्यात, शेंदराचा दगड होता.
ती शीव.
मी सावळडोहची उईके, दिली बोरखडीत.
चौदा वर्षं सासरहून निघाले की
दगडापर्यंत पदर डोक्यावर,
दगड ओलांडला की खांद्यावर.
कोणी शिकवलं नव्हतं, हातच करत असे.
तिथं वारा यायचा,
नऊ महिन्यांची होते तेव्हाही तिथंच थांबून
कानाला वारा लागू दिला होता.
येताना उलट. पाय तेच, चाल बदलायची.

रस्ता रुंद करताना ठेकेदारानं दगड काढला.
कुठं नेला, याची नोंद नाही.
दोन्ही पंचायतींच्या मालमत्ता यादीत तो नव्हता,
म्हणून हरवला असंही म्हणता येत नाही.

परवा आईकडं निघाले, तर सासूबाई म्हणाल्या,
"माहेरी काऊन म्हणतेस आता?
प्रभाग चारातून अकरात चालली म्हण ना."
आणि आपल्याच बोलण्याला खूप हसल्या.
मग गप्प झाल्या. त्या स्वतः चांपा बाजूच्या,
त्यांची शीव अजून जागेवर आहे.

पाळीवर डांबर ताजं होतं, चपला चिकटत होत्या.
मी चालत राहिले, हात पदराला लावून,
कुठं सोडायचा ते कळेना.
पाण्यातून तुकडू ओरडला, "वहिनी, पुढं गेली ना तुमची जागा!"
त्याला बेटावरून दिसत असणार
मी रोज कुठं बदलते ते.

दळणवळण: पक्का रस्ता, लांबी सव्वा किलोमीटर.
अडथळे: नाहीत.

खाली सही केली, श्रीमती शेवंता कुंभरे, कनिष्ठ लिपिक.
नवा शिक्का अजून आलेला नाही.